श्रद्धेचा घरखर्च : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. तिच्यातला विनोद, सरळ बोलल्यासारखी भाषा, नवराबायकोतली भांडणे आणि माया यांवर आपल्या समीक्षकांनी मनापासून लिहिले. पण या सगळ्यात एक गोष्ट बाजूला पडत आली आहे, ती म्हणजे या बाईची श्रद्धा. धर्मांतर हा चरित्रातला एक प्रसंग म्हणून येतो आणि पुढच्या पानावर आपण पुन्हा विनोदाकडे वळतो. मीही वर्षानुवर्षे हेच केले.

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. धान्याच्या अडतीवर पंचवीस वर्षे हिशेब लिहिला. तिथल्या सवयीने कुठल्याही पुस्तकात मी जमाखर्च शोधतो आणि ‘स्मृतिचित्रे’त तो जागोजागी सापडतो. म्हणून प्रश्नही हिशेबनिसाचाच विचारतो : या घरातल्या श्रद्धेचा खर्च कोणाच्या नावावर पडत होता?

आधी थोडी पार्श्वभूमी. मराठीतले ख्रिस्ती आत्मकथन म्हटले की बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ समोर येते. तिथे शोध आहे, वाचन आहे, वाद आहे, शंकांचे निरसन आहे. आधी काळोख, मग उजेड, अशी त्याची घडण त्याच्या नावातच दिसते. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली. ती या वाटेने जात नाही. तिच्यात बाप्तिस्मा येतो, पण सगळी गोष्ट त्याच्याकडे धावत नाही आणि तिथे संपतही नाही.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधली पाच वर्षे हा मला या पुस्तकाचा कणा वाटतो. नवऱ्याने आपल्या सद्सद्विवेकाला स्मरून निर्णय घेतला, हे खरेच. पण त्याची किंमत नातेवाइकांच्या घरी, लोकांच्या टोमण्यांत आणि त्याहून जड अशा कीवेत दिवस काढणाऱ्या बायकोने मोजली. लक्ष्मीबाई हे लपवत नाहीत. पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावरही त्या मागे वळून ‘जे झाले ते बऱ्यासाठीच’ असा शेरा त्या दुःखावर मारत नाहीत. साक्ष देणाऱ्या माणसाला असा शेरा मारण्याचा मोह फार असतो. तो त्यांनी टाळला, म्हणूनच त्यांच्या श्रद्धेवर माझा विश्वास बसतो.

मग त्या या श्रद्धेपर्यंत पोहोचल्या कशा? पदमनजींसारख्या ग्रंथांतून नव्हे. त्यांच्या वडिलांचे सोवळे वाचकांना आठवत असेल : धान्य तर सोडाच, मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेणारे घर. त्या घरातल्या मुलीला धर्म कळला तो पाणी, चूल आणि शिवाशीव यांतून. त्यामुळे तिचे परिवर्तनही तिथूनच सुरू व्हावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. देवाने माणूस केला, जात माणसाने केली, हे त्यांच्या मनाने आधी घेतले. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची तयारी झाली आणि बाप्तिस्मा त्यानंतर आला. तत्त्वचर्चेच्या आधी त्यांचे स्वयंपाकघर बदलले होते.

आता जमाखर्चाकडे येऊ. टिळकांची देवावरची भिस्त ही देऊन टाकणाऱ्याची होती. हातात आलेला पैसा वाटेत भेटलेल्या गरजूला द्यायचा, दुष्काळात पोरकी झालेली मुले घरी आणायची आणि उद्याची चिंता देवावर सोपवायची. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचे वेतनही सोडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला. हे मोठेपण निर्विवाद आहे. पण उद्या उजाडला की चुलीपुढे बसणारी व्यक्ती दुसरीच असे. लक्ष्मीबाईंची श्रद्धा ही निभावून नेणाऱ्याची श्रद्धा आहे. ‘देव देईल’ असे टिळक म्हणत आणि ते देणे प्रत्यक्षात घडे बाईंच्या काटकसरीतून, उसनवारीतून, कष्टातून. टिळकांच्या कवितेत पहिल्या श्रद्धेला सुंदर वाणी मिळाली. दुसरीला वाणी मिळायला ‘स्मृतिचित्रे’ लिहिली जावी लागली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हा सगळा त्यांचा उपजत चिवटपणा नाही का? हसून वेळ मारून नेण्याची ताकद तर बाप्तिस्म्याच्या आधीही त्यांच्यात होती. हे मान्य केलेच पाहिजे. स्वभाव बदलला नाही. बदलली ती माणसांची कक्षा. आधी आपले दुःख ‘आपल्यांपुढे’ मांडायचे आणि आपले कोण हे जात ठरवणार. नंतर नगर, राहुरी, सातारा असे संसार हलत गेले, तसे परक्यांची पोरे, आजारी, निराधार सगळे त्या ‘आपल्यां’त शिरले. नुसता चिवटपणा माणसाला तगवतो. दुसऱ्याच्या मुलाला पोटाशी धरायला आणखी काहीतरी लागते.

१९१९ मध्ये टिळक गेले. तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. पुढे मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख, मग कराची आणि नवऱ्याने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे काम. ज्या बाईला जोडाक्षरांनी छळले, तिने हे महाकाव्य हाती घेतले! ज्याच्या देण्याने आयुष्यभर घरखर्चाची ओढाताण झाली, त्याचेच उरलेले काम तिने आपल्या नावावर मांडून घेतले. याला मी आंधळी पतिभक्ती म्हणणार नाही. नवऱ्याच्या चुका चारचौघांत मोजून दाखवणारी ही बाई आहे. हिशेब मांडून झाल्यावरही देणे चालू ठेवणे, असे मी याला म्हणेन.

पुस्तकाची एक मर्यादाही नोंदवतो. मिशनच्या पगारावर जगणाऱ्या एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबांची ताबेदारी इथे प्रसंगांतून जाणवते, पण तिचा सलग विचार होत नाही. घराच्या उंबऱ्यातून जेवढे दिसते, तेवढेच बाई सांगतात. त्यांचे बळही त्यातच आहे.

शेवटी थोडे स्वतःविषयी. माझी या पुस्तकाची जुनी प्रत विनोदाच्या जागी पेन्सिलीच्या खुणांनी भरली आहे. तीन वर्षांपूर्वी पत्नी दोन महिने अंथरुणाला खिळली आणि घराच्या किल्ल्या प्रथमच माझ्या हाती आल्या. तिच्या वहीत पाहिले, तर मी पुस्तकांवर उडवलेला प्रत्येक रुपया तिने कुठून तरी भरून काढलेला होता. कुठे तक्रारीचा शब्द नाही. आम्ही ख्रिस्ती नाही. तिची भिस्त दुसऱ्या देवावर आहे, माझी कशावर आहे हे मला नीटसे सांगता येत नाही. पण त्या रात्री ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडली तेव्हा मला पहिल्यांदाच टिळकांच्या उदारपणावर हसू आले नाही. त्या वाचनातल्या खुणा वेगळ्या ठिकाणी आहेत. हा लेख त्यांवरूनच लिहिला आहे.