सकळ लिपी आणि मध्यस्थाची किल्ली

महानुभाव पंथाच्या सकळ लिपीस ‘गुप्त लिपी’ म्हणण्याचा प्रघात आपल्या वाङ्मयेतिहासांत रूढ झाला आहे. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच असल्यामुळे, कूटविद्येचा विषय निघाला की तिचा दाखला देण्याचा मोह येथल्या अध्यापकांस आवरत नाही. हा दाखला निरर्थक आहे असे आम्हांस वाटत नाही. मात्र तो नुसत्या नामोल्लेखावर सोडून दिला जातो, ही आमची तक्रार आहे. कूटबद्ध मजकूर परक्या मध्यस्थाच्या हातून दुसऱ्यास कसा द्यावा, हा जो आजचा प्रश्न, त्याला ही लिपी लावून पाहिल्यास तिचे बळ आणि तिची मर्यादा ही दोन्ही स्पष्ट होतात.

म्हाइंभटांनी लीळाचरित्राची सिद्धता रिद्धपूर येथेच केली. पुढे चौदाव्या शतकात रवळोबास यांनी सकळ लिपी योजिली असे परंपरा सांगते. सुंदरी, अंक, वज्र इत्यादी लिप्या तिच्या जोडीला आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा स्वतःच्या बुद्धीने केला, आणि मग भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्या परिश्रमांनी हे वाङ्मय अभ्यासकांस खुले झाले. कोलते यांचे लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले.

आता अशी कल्पना करू की, रिद्धपूरच्या एखाद्या संग्राहकाने आपल्या पोथ्यांची छायाचित्रे स्वतःच्या किल्लीने कूटबद्ध करून दूरच्या एका साठवणगृहात ठेविली आहेत. अकोल्याच्या अभ्यासकास त्यांतील काही हवी आहेत. संग्राहकाने किल्लीच देऊन टाकावी, तर सर्व संग्रह उघडा पडतो. दर वेळी स्वतः उलगडून पुन्हा कूटबद्ध करून धाडावे, तर साठवणगृहाचा उपयोग काय? साठवणगृहासच किल्ली द्यावी, तर मग कूटबद्ध कशासाठी केले? ह्या पेचातून काढलेली वाट म्हणजे प्रॉक्सी री-एन्क्रिप्शन, ज्याला आम्ही येथे ‘पुनःकूटन’ म्हणू. मध्यस्थास एक रूपांतर-किल्ली दिली जाते. तिच्या साहाय्याने तो संग्राहकाचा कूटलेख अभ्यासकाच्या कूटलेखात बदलतो, परंतु मूळ मजकूर त्याला दिसत नाही.

हे अशक्यप्राय वाटते. म्हणून लिप्यांकडे वळावे. समजा, एका लिपीत ‘क’च्या जागी ‘म’ लिहितात आणि दुसरीत ‘त’. (ही अक्षरे केवळ उदाहरणादाखल घेतली आहेत.) लेखनिकाला एवढाच तक्ता दिला की ‘म’ दिसेल तेथे ‘त’ लिही, आणि असेच पुढे सर्व अक्षरांचे, तर ‘क’चे नावही न घेता तो पहिल्या लिपीतील पोथी दुसरीत उतरवील. दोन्ही किल्ल्या त्याला अज्ञात. त्याच्या हाती आहे तो फक्त त्यांच्यामधील संबंध. ब्लेझ, ब्लूमर व स्ट्रॉस यांनी १९९८ साली मांडलेल्या पद्धतीचा गाभा नेमका हाच आहे. तेथे रूपांतर-किल्ली म्हणजे दोन गुप्त संख्यांचे गुणोत्तर; गुणोत्तरावरून कोणतीच संख्या ओळखता येत नाही.

साम्य येथे संपते. अक्षरास अक्षर बदलणारी कोणतीही लिपी चिकाटीच्या वाचकापुढे टिकत नाही, कारण कोणते चिन्ह किती वेळा येते हे ती लपवू शकत नाही. आमचा लेखनिक चार-सहा पाने उतरवताना मजकूर ओळखू लागेल. नव्या पद्धतीत प्रत्येक संदेशामागे नवी यादृच्छिक संख्या मिसळली जाते, त्यामुळे तोच शब्द दोनदा आला तरी एकसारखा दिसत नाही.

परंतु तक्त्याचा दुसरा दोष १९९८च्या पद्धतीतही जसाच्या तसा उतरला आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. लेखनिकाचा तक्ता आणि दुसऱ्या लिपीची किल्ली एकत्र आल्या की पहिलीची किल्ली आपोआप हाती येते. मध्यस्थ आणि अभ्यासक संगनमत करतील, तर संग्राहक संपला. शिवाय तक्ता उलट बाजूनेही चालतो: अभ्यासकाचे कागद संग्राहकाच्या लिपीत आणण्यास तो तितकाच समर्थ. अटेनिएसे, फू, ग्रीन व होहेनबर्गर यांनी २००५ साली एकाच दिशेने चालणारी रचना दिली. तीत संगनमतानेही मूळ गुप्त संख्या हाती लागत नाही. तरी साध्या रूपांतर-किल्लीने संग्राहकाचे रूपांतरयोग्य असे सारेच कूटलेख वळविता येतात. एक पोथी द्यावी आणि दुसरी राखावी, असा भेद तिला कळत नाही. अट घालणारी पुनःकूटने २००९च्या सुमारास आली ती ह्याच गरजेतून. दिलेली परवानगी मागे घेण्याबाबत मात्र ह्या शास्त्राचे वर्णन करणारे लेखक फारच उदार भाषा वापरतात. व्यवहारात संपूर्ण मजकुराचे नव्हे, तर तो ज्या लहान किल्लीने बंद केला त्या किल्लीचेच पुनःकूटन होते. ती एकदा अकोल्यास पोहोचली की परत मागून काय मिळणार?

पाठचिकित्सकास ह्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे, आणि संगणकशास्त्राच्या ग्रंथांत तो नंतर येतो. मध्यस्थाने वाचले नाही हे ठीक. पण त्याने बदलले नाही कशावरून? रूपांतरक्षम असणे हाच येथे कूटलेखाचा गुण असल्यामुळे त्यात ढवळाढवळ करणेही सोपे होते. १९९८च्या पद्धतीत मजकूर न वाचताच त्याला एखाद्या संख्येने गुणून ठेवता येते, आणि वाचकास ते उमगत नाही. कॅनेटी व होहेनबर्गर यांनी २००७ साली ह्या विरोधाची नीट व्याख्या करून मार्ग दाखविला. तरीही लेख कोणाकडून आला हे कूटन सांगत नाही. अभ्यासकाची सार्वजनिक किल्ली कोणाही तिऱ्हाइताच्या हाती असते. ज्या वाङ्मयात पाठभेदांवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले, त्याच्या प्रती अशा वाटेने पाठवावयाच्या असतील, तर संग्राहकाची अंकीय स्वाक्षरी कूटन करण्यापूर्वीच मूळ छायाचित्रावर असली पाहिजे, आणि अकोल्याच्या वाचकाने ती उलगडल्यानंतर पडताळली पाहिजे.