फाटक्या विजारीचे सौंदर्यशास्त्र

लहानपणी विजार गुडघ्यावर फाटली की घरात दोन गोष्टी ठरलेल्या असत : आधी बोलणी आणि मग ठिगळ. ठिगळ आतून लावायचे, म्हणजे चारचौघांत ते दिसू नये, असा आईचा कटाक्ष असे. आज त्याच गुडघ्यावर त्याच आकाराचे भोक कारखान्यात पाडले जाते, धाग्यांची झालर बेताने सोडली जाते, आणि धडक्या विजारीला जे मोल येत नाही ते या फाटक्या विजारीला येते. परवा नातीने अशी एक जीन्स विकत आणली. सवयीने सुईदोऱ्याचा डबा शोधायला निघालेल्या तिच्या आजीला थोपवताना घरातल्या सर्वांची तारांबळ उडाली. हसून झाल्यावरही एक प्रश्न मागे उरला. वस्त्राचा दोष केवळ हेतू पालटल्याने गुण होतो काय? आणि तसा तो होत असेल, तर सौंदर्याच्या चर्चेतून हेतूला बाहेर बसवण्याचा आपला परिपाठ कितपत टिकतो?

मराठी सौंदर्यविचाराने पोशाखाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली. ही तत्त्वे फाटक्या विजारीला लावून पाहण्याचा मोह आवरत नाही. तिचा संवाद मळकट रंगाच्या सदऱ्याशी असतो, विरोध आजीशी असतो, आणि कापड जितके कमी तितकी किंमत अधिक या न्यायाने समतोलही साधलेला असतो. थट्टा सोडून दिली, तरी या प्रयोगातून एक गोष्ट हाती लागते. रोजगारावर राबणाऱ्या मजुराच्या विजारीचे भोक आणि महाविद्यालयीन तरुणीच्या विजारीचे भोक यांचा आकार, पोत, झालर ही सारी एकसारखी असू शकतात. केवळ आकृतीकडे पाहणाऱ्या समीक्षकाला या दोहोंत भेद करता येणार नाही. रस्त्यावरून जाणारे शेंबडे पोर मात्र तो क्षणात करते. जो भेद पोराला कळतो आणि शास्त्राला कळत नाही, तिथे शास्त्राने थोडे खाली उतरून पाहावे हे बरे.

या वस्त्राची कुळकथाही मोठी बोधप्रद आहे. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला. तिथले जाडेभरडे सुती कापड खलाशांच्या आणि कष्टकऱ्यांच्या अंगावर साता समुद्रांपार पोहोचले. कालिकतवरून ‘कॅलिको’ आणि आपल्या छिटावरून ‘चिंट्झ’ हे शब्दही असेच परदेशी गेले. पुढे २० मे १८७३ रोजी अमेरिकेत लेवी स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना एका शोधाचे एकस्व मिळाले. तो शोध असा : मजुरांच्या विजारींचे खिसे ताणाने उसवू नयेत, म्हणून ताण पडतो तिथे धातूची रिव्हेट ठोकायची. ज्या वस्त्राने न फाटण्याचे वचन देऊन जगात पाऊल टाकले, तेच आज फाटके असल्याबद्दल मिरवते आहे. रिव्हेट अजूनही जागच्या जागी असते. तिने सांभाळायचे काय, एवढेच तिला कोणी सांगितलेले नाही.

दारिद्र्याचा वेष हौसेने नेसण्याची ही कल्पना आधुनिकांनी काढली असे मानण्याचे कारण नाही. भासाच्या नावावर असलेल्या ‘प्रतिमानाटका’चा पहिला अंक विद्यार्थ्यांनी या दृष्टीने पुन्हा वाचावा. राज्याभिषेकाची तयारी चालू आहे. सीतेची दासी नाटकशाळेतून एक वल्कल उचलून आणते. आपल्याला ते शोभते का हे पाहण्यासाठी सीता ते गमतीने नेसते आणि आरसा मागवते. राम येतो, त्यालाही या खेळाचे कौतुक वाटते. आणि थोड्याच वेळात वनवासाची वार्ता येते, तेच वल्कल खरा वेष ठरते. राम ते नेसतो तेव्हा लक्ष्मणाची तक्रार अशी, की आजवर भूषणांपासून माळांपर्यंत सगळ्यात अर्धा वाटा दिलात, वल्कलाच्या बाबतीतच एवढे कंजूष का झालात? नाटककाराने सीतेच्या हौसेला कोठेही दोष दिलेला नाही. आरशात पाहणारी सीता जितकी मोहक आहे, तितकीच पुढे वनात निघालेलीही आहे. गमतीने घेतलेला वेष नियतीने खरा करून दाखवला, तेव्हा तो टाकून देण्याचा विचार त्या तिघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. वेषाची परीक्षा इथे होते. फाटक्या जीन्सला अशी परीक्षा द्यावी लागत नाही. पाऊस आला की ती रिक्षाने घरी येते.

मात्र येथे घाईने नीतिपाठ देण्यात धोका आहे, कारण ऐपत असूनही गरिबाचा वेष घेणारी थोर माणसे आपल्या इतिहासात आहेत. ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ १८८८ मध्ये पुण्यात झालेल्या समारंभाला महात्मा फुले गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. फुले स्वतः कंत्राटदारी केलेले गृहस्थ. बरा अंगरखा त्यांना दुर्मीळ नव्हता. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी पंचा स्वीकारला, तोही कपड्यांची टंचाई होती म्हणून नव्हे. मग या दोघांत आणि आमच्या नातीत फरक कोणता? तो असा, की त्यांचे वस्त्र स्वतःकडे बोट दाखवीत नव्हते. समारंभातील जरीच्या पगड्यांमध्ये फुल्यांचा वेष त्या दालनात नसलेल्या शेतकऱ्याकडे बोट दाखवीत होता. फॅशनचे वस्त्र फिरून फिरून नेसणाऱ्याकडेच येते.

याच कसोटीवर डॉ. आंबेडकरांचा सूट पाहावा. त्या नीटस कोटाला साहेबी थाट म्हणून हिणवणाऱ्यांना एक गोष्ट उमगली नाही. साधेपणा हा ज्याला भपका परवडतो त्याचा अलंकार असतो. ज्याच्यावर फाटकेपणाची सक्ती झाली, त्याच्या अंगावरची इस्त्रीची घडी हेच बंड असते. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्यासाठी अनेक वर्षे लढावे लागले. १८५९ च्या राजाज्ञेने ती मुभा मिळाली, तीही उच्चवर्णीय स्त्रियांच्या पद्धतीने न झाकण्याच्या अटीवर. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. लुगडे वरिष्ठ जातींतील स्त्रियांप्रमाणे नेसा, जात सांगणारे दागिने टाकून द्या, असा त्यांचा उपदेश होता. ‘कपड्यात काय आहे’ असे म्हणणारा विद्वान बहुधा असा असतो, की त्याच्या कपड्यांना कोणी कधी हात घातलेला नसतो.

आता परंपरेच्या कैवाऱ्यांविषयी थोडे. आजच्या मुलींचे कपडे पाहून त्यांना जुनी नेसणी आठवते. पण आज देशभर ‘भारतीय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोल साडीच्या घडणीत ज्ञानदानंदिनी देवी या ठाकूर घराण्यातील सुनेचा मोठा वाटा आहे. १८६० च्या दशकात मुंबईत राहत असताना त्यांनी पारशी स्त्रियांची नेसण पाहिली आणि तिच्यात फेरफार करून ती बंगालात नेली. महाराष्ट्रात तर याहून गमतीचा प्रकार घडला. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांतून नायिका होऊन रंगभूमीवर आले. मग त्यांची नेसण, त्यांची केशरचना आणि त्यांचे दागिने घरंदाज स्त्रियांनी उचलले. बाईने बाईसारखे कसे दिसावे याचा वस्तुपाठ एका पुरुषाने घालून दिला, आणि आपल्या पणज्यांनी तो आनंदाने गिरवला. त्यांची छायाचित्रे आज आपण ‘अस्सल’ म्हणून चौकटीत लावतो. कालच्या फॅशनवर पुरेशी धूळ बसली, की तिला परंपरा म्हणतात.

छायाचित्राचा विषय निघालाच आहे, तर ‘प्रतिमा’ या शब्दाची सांप्रतची अवस्थाही पाहू. मराठी समीक्षेत हा शब्द काव्यातील इंद्रियगोचर चित्रासाठी रूढ होता. आज तो पुढाऱ्यांच्या आणि नटनट्यांच्या दप्तरी गेला आहे : प्रतिमा ‘उजळते’, ‘डागाळते’, ‘जपावी’ लागते, म्हणजे तिची चाल पितळी भांड्यासारखी झाली आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये काढलेल्या पहिल्या मराठी वृत्तपत्राचे नाव ‘दर्पण’ होते. तो आरसा समाजापुढे धरलेला होता. आजचा आरसा खिशात मावतो आणि धरणाऱ्याकडेच तोंड करून असतो. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘सेल्फी’ला वर्षाचा शब्द ठरवले, तेव्हा या वळणावर केवळ शिक्कामोर्तब झाले. पूर्वी स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे उसना कोट घालून माणूस एकदा फोटो काढून घेई आणि त्या फोटोसारखे दिसण्याची आशा जन्मभर बाळगी. आज फोटो शेकडोंनी निघतात आणि यंत्राकरवी त्यांतले गाल नितळ केले जातात. खोटेपणाचे प्रमाण वाढले असे छातीठोकपणे म्हणवत नाही. तो कोटही उसनाच होता. फरक एवढाच, की उसना कोट संध्याकाळी परत करावा लागे.

‘प्रतिमानाटक’ या नावाचा उलगडा तिसऱ्या अंकात होतो. आजोळाहून परतणारा भरत अयोध्येबाहेरच्या प्रतिमागृहात शिरतो आणि तिथल्या पुतळ्यांचे सौष्ठव पाहून हरखतो. येथे फक्त दिवंगत राजांचे पुतळे असतात, असे त्याला रक्षकाकडून कळते. त्या ओळीत दशरथाचाही पुतळा असतो. पित्याच्या मृत्यूची वार्ता मुलाला प्रतिमेकडून मिळते. प्रतिमेचे मोल तिच्या देखणेपणात नसून, ती कोणाच्या अनुपस्थितीची साक्ष देते यात असते, हे या प्रसंगाइतके नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल. नातीच्या दूरध्वनीतील शेकडो छायाचित्रांपैकी अशी साक्ष देणारे एखादे पुढे निघेल, पण कोणते, हे आज तिलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही.

त्या विजारीचे पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. थंडी पडली तेव्हा गुडघ्यांना वारा लागतो अशी तक्रार आली. आजीने डबा काढला आणि भोकाला धक्का न लावता आतून मऊ अस्तर शिवून दिले. नातीने लगेच छायाचित्र काढले. त्यात भोक स्पष्ट दिसते. अस्तर दिसत नाही.