टाकीवरचा कोंबडा

जुन्या मोटरसायकली मांडल्या असतील तिथं लोक आधी वाकून इंजिन बघतात. बीएसए बॅन्टम समोर आली की मी आधी टाकी बघतो. धुक्यासारखा फिकट हिरवा रंग, टाकीच्या दोन्ही अंगांना हस्तिदंती पट्टा आणि टाकीवर एक लहानसा कोंबडा. अख्ख्या गाडीवरची ही सर्वांत पातळ वस्तू. पण बॅन्टमला बॅन्टमपण येतं ते तिच्यामुळे.

हे मी उगाच म्हणत नाही. बॅन्टमची यंत्ररचना मुळात बीएसएची नव्हेच. जर्मनीतल्या त्शोपाउ गावच्या डीकेडब्ल्यू कारखान्यानं १९३९ साली 'आरटी १२५' ही दोन-स्ट्रोक गाडी काढली. हेर्मान वेबर या अभियंत्याची ती रचना. जर्मनी युद्ध हरल्यावर तिचे आराखडे भरपाई म्हणून जेत्यांकडे गेले. सोव्हिएत संघात त्यांवरून 'मॉस्कवा' आणि पुढे 'मिन्स्क' निघाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसननं आपली १२५ काढली आणि बर्मिंगहॅमच्या बीएसएनं १९४८ साली बॅन्टम आणली. यामाहाची अगदी पहिली मोटरसायकल, १९५५ची 'वायए-१', हीसुद्धा त्याच वळणाची. बीएसएनं आराखडा आरशात दिसावा तसा उलटा करून घेतला. त्यामुळे गिअरची दांडी इंग्रज चालकाच्या सवयीप्रमाणे उजव्या पायाशी आली. बाकी यंत्र तेच. एका आईची ही लेकरं चार देशांत वाढली आणि त्यांना वेगळी ओळख मिळाली ती रंगानं आणि टाकीवरच्या नावानं. जपान्यांनी आपल्या तांबूस गाडीला 'लाल चतुर' म्हटलं. इंग्रजांनी कोंबडा निवडला.

तो कोंबडा आता नीट पाहू. बॅन्टम म्हणजे बुटक्या चणीची कोंबडी; जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून हा शब्द इंग्रजीत आला. अंगानं लहान, पण झुंजीत मागे न सरणारा पक्षी. मुष्टियुद्धातल्या एका हलक्या वजनगटालाही त्याचंच नाव आहे. बीएसए ही १८६१ साली स्थापन झालेली बंदुका करणारी कंपनी. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका ही तिची मुद्रा. अशा घराण्याला आपल्या सर्वांत धाकट्या गाडीवर सिंह किंवा गरुड सहज लावता आला असता. १२३ सीसीचं इंजिन, तीन गिअर, साडेचार अश्वशक्तीच्या आसपास ताकद. या गाडीवर सिंह खोटा दिसला असता. कोंबडा खरा दिसतो. तो गाडीचं लहानपण झाकत नाही, ताठ मानेनं मिरवतो. युद्धानंतरच्या ओढाताणीच्या काळात ही गाडी कामावर जाणाऱ्या सामान्य माणसाच्या आणि तारा वाटणाऱ्या पोरांच्या हाती होती. पहाटे उठून कामाला लागणाऱ्यांच्या गाडीवर कोंबडा असावा, यात मला मोठं औचित्य वाटतं.

हे चित्र टाकीवर यायचं कसं? कागदावर रंगांचे थर एकावर एक छापायचे आणि तो सगळा पापुद्रा अलगद पत्र्यावर उतरवायचा. त्याला ट्रान्स्फर म्हणत. आपल्याकडे आज डिकल म्हणतात, किंवा सरसकट स्टिकर. एका प्रकारात कागदावर डिंकाचा थर असतो. कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवलं की चित्र सुटतं आणि ओल्या पत्र्यावर सरकवून जागी बसवता येतं. दुसरा प्रकार वार्निशवर बसणारा. चित्राला वार्निशचा पातळ हात द्यायचा, ते बोटाला जेमतेम चिकटू लागेपर्यंत थांबायचं, मग टाकीवर दाबायचं आणि पाठीमागचा कागद भिजवून सोडवायचा. घाई केली तर चित्र घसरतं, उशीर झाला तर धरत नाही. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. इंग्लंडमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबनं जुन्या गाड्यांची अशी ट्रान्स्फर पुन्हा उपलब्ध करून देण्याचं मोलाचं काम केलं आहे.

संगणकावर कापलेला व्हिनाइल स्टिकर स्वस्त आणि सोपा, पण माझ्या डोळ्याला तो खुपतो. त्याची कड जाड, पांढरा नको तितका पांढरा, सोनेरी आरशासारखा चकचकीत. जुन्या छपाईतलं सोनं मंद असे, पितळी भांडं चिंचेनं घासून दोन दिवस झाल्यावर दिसतं तसं. अक्षरांच्या वळणात ते काढणाऱ्याचा हात दिसे. ही मंद चमक आणि हे वळण हाच त्या चित्राचा खरा रस.

चित्र बसवण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं. टाकीचा रंग पूर्ण वाळलेला हवा. आतलं थिनर उडून गेलेलं नसेल तर पुढं चित्राखाली फोड येतात. पृष्ठभागावर मेण किंवा पॉलिशचा अंश नको, बोटांचा तेलकटपणाही नको. जागा मास्किंग टेपनं आखून घ्यावी, दोन्ही बाजूंची मापं जुळवावीत. मग चित्राच्या मध्यापासून कडांकडे पाणी आणि हवा हलक्या हातानं काढत जावं. टाकीचा पत्रा कुठंच सपाट नसतो, म्हणून गोलाईवर घाई चालत नाही. शेवटी वर राहिलेला डिंक ओल्या स्पंजनं पुसून काढावा, नाहीतर वरून मारायच्या पारदर्शक लॅकरखाली पिवळे डाग दिसू लागतात. मग निदान एक दिवस टाकीला हात लावू नये.

पुढचा प्रश्न रक्षणाचा. बॅन्टमच्या टाकीत पेट्रोलमध्येच तेल मिसळून भरतात. भरताना सांडणारा थेंब तेलकट असतो आणि ओघळत थेट चित्रावर येतो. आज आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यापुढं साधं लॅकर मऊ पडतं. हार्डनर घालून मारायचं दोन घटकांचं लॅकर पेट्रोलला दाद देत नाही, पण त्याचं थिनर चित्रालाच खाऊ शकतं. माझ्या एका टाकीवर पहिलाच हात भरपूर मारला गेला आणि डोळ्यांदेखत सोनेरी अक्षरं सुरकुतली. तेव्हापासून मी आधी पत्र्याच्या तुकड्यावर जादा ट्रान्स्फर लावून पाहतो. पहिले दोन-तीन हात नुसते धुक्यासारखे, प्रत्येक सुकल्यावर पुढचा. या लॅकरचा फवारा फुप्फुसांना घातक आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय तो मारू नये.

रसिकांमध्ये इथं दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, लॅकरचे थर चढवून आणि घासून टाकी अशी सपाट करा की चित्राची कड बोटाला लागू नये. काम म्हणून हे कौशल्याचं आहे, तरी ते मला पटत नाही. काचेच्या तळाशी गेलेला कोंबडा निर्जीव दिसतो. कारखान्यातून आलेल्या चित्राची कड बोटाला किंचित जाणवत असे. ते रंगावर बसलेलं होतं, रंगात बुडलेलं नव्हतं. रक्षणापुरतं पातळ लॅकर द्यावं आणि बाकीचं रक्षण सवयीनं करावं. पेट्रोल भरताना टाकीभोवती मऊ कापड धरावं, थेंब पडताच टिपावा, चित्राच्या कडेवर पॉलिश घासू नये, गाडी उन्हात सोडू नये आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकखाली कोंडू नये.

बॅन्टम महाराष्ट्रात क्वचितच दिसेल. पण जावा, येझदी, राजदूत, बुलेट प्रेमानं उभ्या करणारी माणसं गावोगावी आहेत. त्यांना माझं एकच सांगणं आहे. टाकी रंगाला टाकण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, ट्रेसिंग पेपरवर चित्राची जागा आणि आकार उतरवून घ्या. आणि मूळ चित्र निम्मं जरी उरलं असेल, तर त्यावर घासपेपर चालवू नका.