दुखणें आणि त्याची कथा

प्रिन्स्टन विद्यापीठांत त्या वेळीं इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापिका असलेल्या एलेन शोवॉल्टर यांचा ‘हिस्टोरीज’ हा ग्रंथ १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथ जुना झाला, पण त्यांतील प्रश्न जुना झालेला नाहीं. वाङ्मयाचा अध्यापक वैद्यकाच्या प्रांतांत शिरला म्हणजे काय साधतें व काय बिघडतें, हें दोन्हीहि त्यांत दिसतें.

बाईंचें प्रतिपादन असें: मनाच्या वेदनेला शब्द सांपडेनासे झाले कीं ती शरीराच्या भाषेंत बोलूं लागते, वर्तमानपत्रें व दूरचित्रवाणी तिला कथानक पुरवितात आणि एकाचें दुखणें हजारांचें होतें. रोगी खोटें बोलतो, असें त्या म्हणत नाहींत. शार्को व फ्रॉइड यांच्याविषयींचें त्यांचें विवेचन तर मार्मिकच आहे. परंतु आखाती युद्धांतील सैनिकांचें दुखणेंहि त्यांनीं याच मापानें मोजलें, आणि परग्रहवासीयांनीं पळवून नेल्याच्या कहाण्यांच्या पंक्तीस बसविलें. येथें आमचा मतभेद आहे.

१९९०–९१ च्या त्या युद्धांत सुमारें ७ लाख अमेरिकन सैनिक होते. परतल्यावर पुष्कळांस थकवा, अंगदुखी, विस्मृति यांनीं ग्रासलें. तपासणींत कांहीं निघेना. पण विषारी वायूपासून रक्षण म्हणून दिलेल्या पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या त्यांच्या पोटांत गेल्या होत्या. कीटकनाशकें व जळत्या तेलविहिरींचा धूर सभोंवतीं होता. मार्च १९९१ मध्यें खमिसिया येथें सैन्यानें उडविलेल्या इराकी दारूगोळ्यांत सारिन हें विष होतें, हें सरकारनें १९९६ सालीं मान्य केलें. म्हणजे ग्रंथ निघण्यापूर्वींच! २००८ सालीं तेथील संसदेच्या कायद्यानें नेमलेल्या समितीनें हें दुखणें खरें ठरवून त्या गोळ्या व कीटकनाशकें यांस कारण मानलें. २०१० सालीं दुसऱ्या समितीनें कारणाविषयीं अधिक सावधपणा दाखविला. तरी कोणत्याहि ज्ञात मनोविकारानें याचा उलगडा होत नाहीं, हें तिनेंहि सांगितलें.

रोग्यानें दाखविलेलें प्रत्येक कारण मानावें, असें आमचें म्हणणें नाहीं. विद्युत्-चुंबकीय लहरींनीं त्रास होतो म्हणणाऱ्यांस, लहरी चालू आहेत कीं बंद, हें प्रयोगांत ओळखतां आलें नाहीं. त्यांचा त्रास मात्र खराच होता. पण तेथें आधीं प्रयोग झाला, मग निर्णय. बाईंनीं निर्णय आधीं दिला.

ही चूक आम्हां समीक्षकांची नेहमींची आहे. दोन कथा सारख्या दिसल्या कीं एक दुसरीवरून उचलली, असें आम्ही म्हणतों. कवींच्या बाबतींत अनुमान चुकलें तर फारसें बिघडत नाहीं. परंतु एकाच छावणींत राहिलेल्यांच्या कथा सारख्या असण्याचें साधें कारण, त्यांनीं एकच हवा श्वासांत घेतली, हेंहि असूं शकतें. ‘कारण सांपडलें नाहीं’ हें वाक्य वैद्याच्या ज्ञानाविषयीं आहे, रोग्याच्या मनाविषयीं नव्हे. घरांतील कोणाच्या दुखण्यास ‘मनाचे खेळ’ म्हणण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.