सुपरमॅनचा जुना माल

१९६० सालचा पहिला ‘सुपरमॅन अ‍ॅन्युअल’ घेऊ. ऐंशी पानं, २५ सेंट. नेहमीचा अंक तेव्हा १० सेंटला मिळे. कथा मात्र सगळ्या आधी छापलेल्या. सुपरगर्ल पृथ्वीवर येते ती कथा तर जेमतेम वर्षभराची जुनी!

उंबेर्तो एको १९६२च्या निबंधात म्हणतात, सुपरमॅनच्या जगात काळ खर्चच होत नाही. प्रत्येक साहस कोऱ्या पाटीवर सुरू होतं. हा अंक त्याचा पुरावाच म्हणा ना. कुठलीही कथा कुठेही लावा, काही बिघडत नाही.

पण मला हे अर्धंच पटतं. ही कालहीनता धंद्याचीही सोय होती. या कथांवर लेखक-चित्रकारांची नावं छापतच नसत. जेरी सीगल १९५९पासून पुन्हा तिथेच लिहीत होते, तेही निनावी. म्हणजे ज्यांनी १९३८ साली जो शूस्टरांसह हा नायक १३० डॉलरला देऊन टाकला, तेच सीगल! कथेला कर्ताच नसला, की ती पुन्हा विकताना विचारायचं कोणाला? अंकांवर या दोघांची नावं परतली ती १९७५च्या समझोत्यानंतर.