सतराव्या वर्षाचा फुटबॉलपटू

मागच्या दिवाळीत कोल्हापूरला मामाकडे जेवणं झाली आणि नेहमीचा वाद सुरू झाला. मी म्हणाले मेस्सी, मामा म्हणाला मॅराडोना. मग त्याचं ठरलेलं वाक्य आलं, ‘तू त्याला खेळताना बघितलंयस काय? मी बघितलंय.’ १९८६ च्या वर्ल्ड कपला मामा सतरा वर्षांचा होता. मेक्सिकोत दुपारी बाराला सुरू झालेली मॅच आपल्याकडे रात्री साडेअकराला दिसायची. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर कोण कुठे बसलं होतं, हे त्याला आजही सांगता येतं. मी हिशेब केला, २०१४ मध्ये मी किती वर्षांची होते? सतरा.

आता हा नुसता योगायोग आहे, की यामागे काही आहे? या प्रश्नावर खरोखर एक शोधनिबंध आहे आणि तो मला आवडतो. पेटची आणि नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात की पेपर ‘चिकित्सकपणे’ वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं. त्यांच्यासाठी आज हाच घेते. माझा विषय संख्याशास्त्र आहे, मानसशास्त्र नाही. त्यामुळे माझे प्रश्न जास्त करून मोजमापाबद्दलचे असतील.

निबंध २०१२ सालचा, ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल सायकॉलॉजी’मधला. लेखक स्टीव्ह यानसेन, डेव्हिड रुबिन आणि मार्टिन कॉनवे. शीर्षकातच पेले, क्रायफ की मॅराडोना असा प्रश्न आहे. ६१९ डच लोकांना ऑनलाइन विचारलं गेलं की आजवरचे सर्वोत्तम पाच फुटबॉलपटू कोण. समोर नावांची यादी होती, आणि आपलं नाव यादीत नसेल तर ते स्वतः टाइप करायची सोय होती. सर्वांत जास्त वेळा क्रायफ, पेले आणि मॅराडोना ही नावं आली. मग संशोधकांनी प्रत्येक खेळाडूच्या कारकिर्दीचा मध्यबिंदू घेतला आणि त्या वेळी उत्तर देणाऱ्याचं वय किती होतं ते पाहिलं. सर्वांत जास्त उत्तरं ज्या वयावर पडली ते वय निघालं १७.

यामागची संकल्पना म्हणजे ‘रेमिनिसन्स बम्प’. मी त्याला आठवणींचा उंचवटा म्हणते. चाळिशी-पन्नाशीपुढच्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या आणि त्या वयानुसार मांडल्या, तर साधारण दहा ते तीस या वर्षांत आलेख फुगलेला दिसतो. रुबिन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८६ मध्ये हे ठळकपणे मांडलं. कारणं वेगवेगळी दिली जातात. कोणी म्हणतं त्या वयात मेंदू सर्वांत तल्लख असतो, कोणी म्हणतं त्या काळात सगळं पहिल्यांदाच घडतं, कोणी म्हणतं आपण कोण आहोत हे तेव्हाच ठरतं. त्या वादात आज शिरत नाही.

या अभ्यासाची खरी हुशारी कुठे आहे? आठवणींच्या जुन्या प्रयोगांत एक अडचण असते. माणूस प्रसंग सांगतो आणि तो कधी घडला हेही तोच सांगतो. तारीख चुकली तर तपासायची कशी? इथे तारीख बाहेरून येते. क्रायफ १९६४ मध्ये आयाक्सकडून पहिली मॅच खेळला आणि १९८४ मध्ये थांबला, हे कोणाच्या आठवणीवर अवलंबून नाही. शिवाय ‘तुला काय आठवतं’ असं विचारलेलंच नाही. ‘सर्वोत्तम कोण’ असं विचारलंय, आणि आठवण मागच्या दाराने आत आलीय. प्रश्नावली बनवणाऱ्यांनी हे शिकण्यासारखं आहे. निबंध मला आवडतो तो यासाठी.

आता खुसपटं.

पहिलं, तो १७ हा आकडा. हा बहुलक आहे, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेलं मूल्य. वर्तमानपत्री भाषेत याचं लगेच ‘तुमचा आवडता खेळाडू सतराव्या वर्षी ठरतो’ असं होतं. समजा १०० उत्तरांपैकी ६ उत्तरं १७ या वयावर पडली, १६ आणि १८ वर पाच-पाच आणि बाकीची ५ वर्षांपासून ५० वर्षांपर्यंत पसरली. तरीही बहुलक १७ च येईल, आणि ९४ उत्तरं दुसरीकडे असतील. (हे आकडे माझे, समजावण्यापुरते.) बहुलक शिखर कुठे आहे ते सांगतो. डोंगर किती उंच आणि किती पसरट आहे ते आलेखातच बघावं लागतं. व्हायवाला हे विचारतात, लक्षात ठेवा.

दुसरं खुसपट मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वीस वर्षांच्या कारकिर्दीला एका बिंदूत कोंबायचं का? क्रायफच्या बाबतीत हे छान जमतं. १९६४ आणि १९८४ च्या मध्ये १९७४ येतं, आणि ते तर नेदरलँड्सचं सर्वांत गाजलेलं वर्ष. म्युनिकला पश्चिम जर्मनीविरुद्धची फायनल २-१ ने हरले तेच. व्हॅन बास्टेन १९८२ ते १९९३ खेळला, मध्यबिंदू १९८७ च्या शेवटी, आणि १९८८ च्या जूनमध्ये त्याचा युरो कप फायनलमधला तो व्हॉली. मॅराडोना १९७६ ते १९९७, मध्यबिंदू १९८७ चा एप्रिल. म्हणजे मामाच्या त्या रात्रींपासून वर्षभराच्या आत. इथपर्यंत ठीक.

पण पेले? १९५६ ला सुरुवात, १९७७ ला शेवट. मध्यबिंदू १९६७. त्या वर्षी वर्ल्ड कपच नव्हता. आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये होता, त्यात पेलेला प्रतिस्पर्ध्यांनी तुडवून काढलं आणि ब्राझील पहिल्याच फेरीत बाहेर. युरोपातला प्रेक्षक पेले म्हटल्यावर १९५८ किंवा १९७० आठवतो. १९५० साली जन्मलेल्या डच माणसाचं उदाहरण घ्या. मध्यबिंदूच्या हिशेबाने पेले त्याच्या सतराव्या वर्षाचा खेळाडू ठरतो. पण १९७० चा वर्ल्ड कप, जो रंगीत प्रक्षेपित झालेला पहिला, त्याने विसाव्या वर्षी पाहिलेला असणार. आकडा बरोबर सतरावर बसला, आणि आठवण तीन वर्षं पुढची.

शिवाय १९५७ मध्ये जन्मलेल्याला क्रायफ सातव्या वर्षापासून सत्ताविसाव्या वर्षापर्यंत उपलब्ध होता. मध्यबिंदू सतरा म्हणजे ‘सतराव्या वर्षी छाप पडली’ असं होत नाही. पूर्ण लहानपण आणि तारुण्य त्या खेळाडूबरोबर गेलं, असंही वाचता येतं. दोन्ही स्पष्टीकरणांत आकडा तोच.

याच मापाला आणखी एक अडचण असते आणि ती आमच्या संख्याशास्त्रातली ओळखीची आहे. ज्याची कारकीर्द संपलेली नाही त्याचा मध्यबिंदू कसा काढणार? निबंध छापून आला तेव्हा मेस्सी पंचविशीत होता. तो आणखी चार वर्षं खेळेल की चौदा, हे कोणाला माहीत होतं? याला सेन्सॉरिंग म्हणतात, म्हणजे निरीक्षण संपायच्या आधी घटना पूर्ण न होणं. औषधांच्या चाचण्यांत, यंत्रांच्या आयुर्मानात हे सतत येतं. इथे त्याचा फटका तरुण उत्तरदात्यांना बसतो, कारण त्यांचे लाडके खेळाडू अजून मैदानावरच असतात.

आता वय आणि इतिहास यांची गुंतागुंत. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे थोडं रेंगाळावं. १९७४ ला सतरा वर्षांचे असलेले डच आणि १९८८ ला सतरा वर्षांचे असलेले डच, दोघांनाही नशिबाने त्या वयात भारी टीम मिळाली. मग उंचवटा वयामुळे आला की त्या टीममुळे? सुदैवाने डच फुटबॉलच्या इतिहासातच एक नैसर्गिक प्रयोग दडलाय. १९८२ आणि १९८६ च्या वर्ल्ड कपला आणि मधल्या १९८४ च्या युरोलाही नेदरलँड्स पात्रच ठरलं नाही. म्हणजे १९६५ ते १९६८ च्या दरम्यान जन्मलेली पोरं ऐन सतराव्या वर्षी मोठ्या स्पर्धांत स्वतःच्या देशाशिवाय होती. मी हा डेटा हातात घेतला तर सगळ्यात आधी ही पिढी वेगळी काढीन. वयाचाच जोर असेल तर त्यांनी त्या वर्षांत ऐन भरात असलेले परदेशी खेळाडू निवडायला हवेत. देशाच्या यशाचा जोर असेल तर ते मागे क्रायफकडे सरकतील (मध्यबिंदूला वय सहा ते नऊ) किंवा पुढे व्हॅन बास्टेनकडे (वय एकोणीस ते बावीस). सगळ्या ६१९ जणांचा एक आलेख हे सांगू शकत नाही. एखादा आलेख गुळगुळीत आणि सुंदर दिसला की मी आधी विचारते, हा किती वेगवेगळ्या लोकांच्या आलेखांची बेरीज आहे?

आणि आता माझी मुख्य तक्रार. निबंधाचा निष्कर्ष असा, की आठवणींचा उंचवटा आत्मचरित्रात्मक स्मृतीच्या बाहेरही दिसतो. खेळाडूच्या दर्जाबद्दलचं मत म्हणजे स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग नव्हे, म्हणून ‘बाहेर’. हे मला पटत नाही. मामाला विचारा मॅराडोना सर्वोत्तम का. तो गोलांची संख्या सांगत नाही. शेजाऱ्यांचा टीव्ही सांगतो, झोपलेल्या आजोबांना जाग येऊ नये म्हणून आवाज कसा बारीक केला होता ते सांगतो, आणि मग गोलावर येतो. खेळाडूबद्दलचं मत त्या रात्रीच्या पोटातच आहे. प्रश्न बाहेरचा विचारला म्हणून उत्तर बाहेरून आलं असं धरता येत नाही. ‘खेळ’ हा खरंच बाहेरचा प्रदेश आहे का हे तपासायचं असेल, तर ज्यांनी खेळाडूला त्याच्या काळात पाहिलं आणि ज्यांनी फक्त नंतरच्या क्लिप्समध्ये पाहिलं, अशा दोन गटांची तुलना लागेल.

उलट त्याच निबंधात एक निकाल खरंच आत्मचरित्राबाहेरचा आहे, आणि तो आहे पहिली तीन नावं. त्या ६१९ जणांत विशी-तिशीतल्या कुणी पेलेचं नाव घेतलं असेल, तर त्याने पेलेला चालू काळात खेळताना पाहिलेलं नाही. ते नाव घरातून, टीव्हीवरून, मासिकांतून मिळालेलं असणार. म्हणजे एकाच प्रश्नावलीत दोन प्रकारची स्मृती मिसळलीय, समाजाने दिलेली आणि स्वतः कमावलेली. तयार यादी समोर ठेवली की पहिल्या प्रकाराला आणखी बळ मिळतं, कारण ओळखीचं नाव टिचकी मारायला तयारच असतं. माझा अंदाज असा, की पाच नावांतली पहिली दोन-तीन समाजाची असतात आणि शेवटची दोन आपली. उंचवटा खरा असेल तर तो चौथ्या-पाचव्या जागेवर जास्त टोकदार दिसायला हवा. यादी न देता, नावं सुचतील त्या क्रमाने लिहून घेतली तर हे तपासता येईल. कुणाला एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय हवा असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

कुणी म्हणेल, ऑनलाइन नमुना आहे, फुटबॉलवेडेच आले असणार. आले असतील. पण इथे फुटबॉलवेड्यांचीच स्मृती मोजायचीय, त्यामुळे हा आक्षेप मला फारसा लागत नाही. प्रत्येक पेपरवर ‘नमुना छोटा आहे, प्रातिनिधिक नाही’ असं लिहून चिकित्सा झाली असं समजणाऱ्यांपैकी तुम्ही होऊ नका.

संगीतातही असंच काही सापडलंय. होलब्रुक आणि शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासात लोकांची पसंती साधारण साडेतेवीस वर्षांच्या वयात लोकप्रिय असलेल्या गाण्यांकडे झुकलेली दिसली. गाण्याला साडेतेवीस आणि फुटबॉलला सतरा असं का? मला यात वयाइतकाच मोजमापाचा फरक दिसतो. गाणं एका वर्षी गाजतं, त्याची तारीख नेमकी धरता येते. खेळाडू वीस वर्षं खेळतो, आणि त्या वीस वर्षांतला कोणता दिवस धरायचा ते आपण ठरवतो.

त्या दिवाळीत मी मामालाही पाच नावं विचारली, यादी न देता. मॅराडोना, पेले, मग माझ्याकडे बघून ‘बरं, तुझा मेस्सी’. चौथा झिदान. पाचव्याला तो थांबला आणि त्याने शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमकडून खेळणाऱ्या एका फॉरवर्डचं नाव घेतलं, जो मी कधी ऐकलेलाही नाही. मी विचारलं, तो किती साली खेळायचा? मामा म्हणाला, ‘मी बारावीला होतो बघ, तेव्हा.’ त्या फॉरवर्डचा पहिला सामना कुठला आणि शेवटचा कुठला, हे मी नंतर नेटवर शोधलं. काहीच सापडलं नाही.