विषबाधेचे मृत्यू आणि शवविच्छेदनाचा निधी : अड्याळ परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
अनैसर्गिक मृत्यूचे कारण शोधणे हे शासनाचे कर्तव्य आहे. परंतु त्याचा खर्च कोणी उचलावयाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात क्वचितच विचारला जातो. अमेरिकेत 2021 ते 2023 या प्रत्येक वर्षी अमली पदार्थांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे दगावली आणि मृत्यूचे अन्वेषण करणाऱ्या वैद्यकीय कार्यालयांवर ताण आला. तो ताण तेथे मोजता येतो. कारण एका तज्ज्ञाने वर्षाला 250 पेक्षा अधिक शवविच्छेदने करू नयेत, अशी तेथील व्यावसायिक संघटनेची शिफारस आहे. विदर्भात विष निराळे आहे, ते बहुधा कीटकनाशक असते. निधीचा प्रश्न मात्र सारखाच आहे.

समस्येचे स्वरूप :
2022 मध्ये महाराष्ट्रात 22,746 आत्महत्यांची नोंद झाली. हा आकडा देशात सर्वाधिक होता. देशभरातील आत्महत्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश विषप्राशनाने होतात. फवारणीतील विषबाधा याहून वेगळी. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले.

अड्याळ हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील, भातशेतीच्या पट्ट्यातील गाव. या परिसरात विषबाधेने मृत्यू झाल्यास पोलीस मर्ग दाखल करून पंचनामा करतात आणि वैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करतो. व्हिसेरा बरण्यांत सीलबंद करून नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. तेथील अहवाल येईपर्यंत मृत्यूच्या कारणाविषयीचे मत राखून ठेवले जाते.

खर्चाची विभागणी :
या साखळीतील ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, न्यायवैद्यकशास्त्राचे तज्ज्ञ प्रामुख्याने वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर पोलीस आणि प्रयोगशाळा गृह विभागाच्या अखत्यारीत. मुंबईत 1871 च्या कायद्यान्वये कॉरोनर हे स्वतंत्र पद होते. तेही 1999 मध्ये संपुष्टात आले. परिणामी मृत्यूचे अन्वेषण हे तीन विभागांचे दुय्यम काम बनले. विलंब झाल्यास प्रत्येक विभागाला दुसऱ्याकडे बोट दाखविता येते.

विलंबाचे मूल्य :
या विलंबाची किंमत मृताचे कुटुंब मोजते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात आणि विषबाधेच्या दाव्यात रासायनिक विश्लेषण अहवाल मागितला जातो. आत्महत्या या योजनेत बसत नाही. तिच्यासाठी 2006 पासूनची एक लाख रुपयांची मदत पात्रतेच्या वेगळ्या निकषांवर ठरते. म्हणजे विष एकच असले तरी फवारताना अंगात भिनले की हेतुपुरस्सर घेतले, यावर विधवेचा हक्क अवलंबून असतो. प्रयोगशाळा विषाचे नाव सांगू शकते, हेतू सांगू शकत नाही. तो घटनास्थळाची पाहणी, कपड्यांवरील व त्वचेवरील खुणा आणि जठरातील अंश यांच्या एकत्रित वाचनातून समजतो. म्हणून केवळ प्रयोगशाळेच्या यंत्रसामग्रीवर केलेला खर्च अपुरा ठरतो; शवविच्छेदनाच्या टेबलापाशी प्रशिक्षित माणूस असणेही तितकेच आवश्यक आहे.

आक्षेप व विचार :
जिवंत रुग्णांसाठी औषधे अपुरी असताना मृतांवर खर्च का करावा, असा आक्षेप घेतला जातो. तो वरवर मानवतावादी वाटतो, परंतु टिकणारा नाही. कोणते कीटकनाशक, कोणत्या मिश्रणातून व कोणत्या पिकावर जीव घेते हे मृतदेहांनी सांगितल्याखेरीज पुढील हंगामातील मजुराला सावध करता येत नाही. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने गंभीर गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञांची घटनास्थळी भेट हळूहळू बंधनकारक केली आहे. प्रयोगशाळांवरील भार त्यामुळे वाढणारच आहे. त्यात गरीब घरातील विषबाधेचा व्हिसेरा मागे पडण्याची भीती आहे.

निष्कर्ष :
ऑक्टोबर 2024 मध्ये भंडाऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तेथील न्यायवैद्यकशास्त्र विभागाला जिल्ह्याचे मृत्यू-अन्वेषण केंद्र मानून स्वतंत्र लेखाशीर्ष, प्रकरणांच्या संख्येनुसार निधी आणि अहवालाची निश्चित मुदत दिल्यास जबाबदारी एका ठिकाणी येईल. ग्रामीण रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रशिक्षणही तेथूनच होऊ शकेल. मृत्यूचे कारण वेळेत कळणे हा मृताच्या वारसांचा हक्क आहे. अर्थसंकल्पात त्याला स्वतःची ओळ मिळत नाही, तोवर तो हक्क कागदावरच राहील.